रक्त गेले कुठे?



गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात नेहमीप्रमाणे बालवर्ग भरला. त्रिसरण-पंचशील झाले. हजेरी घेताना लक्षात आले, की पुढच्या रांगेत बसणारा, सहावीत शिकणारा आपला एक मित्र सलग दुसऱ्या रविवारी आलेला नाही. त्याचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. वस्तीतल्या मुलांना ते ठाऊक आहे आणि इतरांना ते कळण्याची गरज नाही.

त्याच्या शेजारी राहणारी पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "काकाजी, तो दवाखान्यात भरती होता. त्याले रक्त चढवलं. परवाच घरी आला."

झाले! मुलांचे प्रश्न सुरू झाले. "कुठं पडला?" "गाडीचा धक्का लागला काय?" मुलगी म्हणाली, "नाही, कुठंच लागलं नाही त्याले." तेव्हा तिसरीतल्या एका चिमुकल्याने विचारले, "लागलं नाही, तं मंग त्याचं रक्त गेलं कुठं?"

दुसरा म्हणाला, "अन् काकाजी, जे चढवलं ते कोणाचं रक्त होतं? आपल्या लोकायचं होतं का?"

तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेली, सहसा न बोलणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या वर्गातली एक पोरगी म्हणे, हा रोग तुमच्याच लोकायच्या रक्तात असते."

वर्ग एकदम गप्प झाला. आम्हीही क्षणभर गप्प झालो. ही मुले विहारातून घरी जाताना हे वाक्य मनात घेऊन गेली असती, तर आमच्या बालवर्गाचा काय उपयोग? त्या दिवशी ठरवलेला पाठ आम्ही बाजूला ठेवला आणि या तीन प्रश्नांनाच हात घातला. तिथे जे बोललो, तेच आजच्या सदरात तुमच्यासाठी लिहीत आहोत.

आधी नाडी पाहा

उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. टक्, टक् असे लागते ना? घड्याळ समोर ठेवून एक मिनिट मोजा. तुमच्या वयात साधारण 80 ते 100 ठोके येतील. आता आई-बाबांचे मोजा. त्यांचे सुमारे 70 ते 80 येतील. प्रत्येक ठोक्याला हृदय रक्ताचा एक घोट पुढे ढकलते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते आणि आराम करतानाही हृदय मिनिटाला सुमारे तेवढेच रक्त ढकलते. म्हणजे तुम्ही साठपर्यंत आकडे म्हणेतो अंगातल्या सगळ्या रक्ताइतके रक्त हृदयातून जाऊन येते! रक्त असे फिरून परत हृदयातच येते, हे इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम हार्वे यांनी 1628 साली पुस्तक लिहून दाखवून दिले. त्याआधी शेकडो वर्षे मोठमोठे पंडित वेगळेच समजत होते. जुने पुस्तक सांगते म्हणून ते खरे मानू नये, स्वतः पाहावे, तपासावे, हा धडा हार्वे यांच्याकडूनही घेण्यासारखा आहे.

तुमच्या अंगात किती रक्त आहे? तुमचे वजन 30 किलो असेल, तर सुमारे सव्वादोन लिटर. म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या साडेचार पिशव्या.

पण रक्त लागतेच कशाला?

तळ्याच्या पाण्यात अमीबा नावाचा एक जीव असतो. तो एवढा लहान, की सूक्ष्मदर्शकाशिवाय नीट दिसत नाही. त्याच्या अंगात रक्त नसते आणि त्याचे काही अडतही नाही. का? कारण त्याचे सारे शरीर एकाच पेशीचे. चहूबाजूंनी पाणी. हवा, अन्न सारे त्या पाण्यातूनच आत येते आणि घाण त्यातच बाहेर जाते.

आपले शरीर मात्र अब्जावधी पेशींची वस्ती आहे. यातल्या प्रत्येक पेशीला जगायला अन्न हवे, पाणी हवे, हवेतला प्राणवायू हवा. आता विचार करा. पायाच्या अंगठ्याला नाक आहे का? गुडघ्याला तोंड आहे का? मेंदू तर कवटीत बंद. त्याला भाकर कोण नेऊन देणार? ते काम रक्त करते. वस्तीत पाण्याचा टँकर आला नाही तर दोन दिवसांत काय हाल होतात, हे तुम्ही पाहिले असेल. रक्त मेंदूकडे गेले नाही, तर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. टँकरची वाट पाहायलासुद्धा वेळ नसतो.

रक्ताची कामे मोजू. फुप्फुसातून प्राणवायू उचलून तो घरोघर पोचवणे, हे पहिले. आतड्यांतून अन्नाचा रस नेणे, हे दुसरे. परत येताना प्रत्येक पेशीचा कचरा उचलणे, हे तिसरे. त्यातला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसाकडे जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. युरिया मूत्रपिंडाकडे जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. चौथे काम उष्णता सगळीकडे सारखी वाटणे. थंडीत हातपाय गार पडतात, कारण शरीर त्या वेळी रक्त आतल्या महत्त्वाच्या अवयवांकडे राखून ठेवते. पाचवे काम निरोप पोचवण्याचे. शरीरातल्या ग्रंथी आपले निरोप रक्तातच सोडतात. सहावे, रोगजंतूंशी लढणे. सातवे, जखम झाली की स्वतःच गोठून भोक बुजवणे.

मुलांनी विचारले, "एवढी कामं एकटं रक्त करते?" नाही बाळांनो. रक्त हा एकटा कामगार नव्हे, ती कामगारांची पलटण आहे. रक्त काचेच्या नळीत गोठू न देता उभे ठेवले, की वर पिवळसर पाणी येते आणि खाली लाल थर बसतो. वरच्या भागाला प्लाझ्मा म्हणतात. रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग प्लाझ्माच असतो आणि प्लाझ्मात 100 पैकी सुमारे 90 भाग साधे पाणी असते. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण काढायची आहे.

खालच्या थरात पेशी. पांढऱ्या पेशी म्हणजे आपले सैनिक. बिंबिका म्हणजे जखम बुजवणारे गवंडी, ज्यांना डॉक्टर प्लेटलेट म्हणतात. डेंग्यूच्या तापात "प्लेटलेट कमी झाल्या" असे ऐकता, त्या याच. आणि सगळ्यात जास्त संख्या हमालांची, म्हणजे लाल पेशींची. एक मिलीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा रक्ताचा कण घेतला, तर त्यात सुमारे 45 ते 50 लाख लाल पेशी असतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे 24 लाख होती. म्हणजे त्या एका कणात दोन नागपूर मावतात!

लाल पेशीचा आकार मेदूवड्यासारखा, फक्त मधले भोक आरपार नसते, नुसता खळगा असतो. ती मऊ आणि लवचीक असते. केसाहूनही बारीक वाहिन्यांतून ती अंग दुमडून, वाकून निघून जाते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ ठासून भरलेला असतो. त्यात लोह असते आणि ते लोहच प्राणवायूला धरून ठेवते. रक्ताचा लाल रंगही हिमोग्लोबिनचाच. पाली भाषेत रक्ताला 'लोहित' म्हणतात. शरीराच्या ज्या बत्तीस भागांचे चिंतन भिक्खू करतात, त्यांत 'लोहित' हा शब्द येतो.

मग त्याचे रक्त गेले कुठे?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लाल पेशी काही कायमची नसते. हाडांच्या आत मगज असतो, तो तिचा कारखाना. तिथे ती जन्मते, सुमारे 120 दिवस धावते, थकते, मोडते. तिच्यातले लोह शरीर जपून ठेवते आणि नव्या पेशीत वापरते. आपला हा कारखाना दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक लाल पेशी बनवतो. जेवढ्या मोडतात तेवढ्या बनतात, म्हणून हिशेब जुळतो.

आपल्या मित्राच्या अंगात हा हिशेब जुळत नाही. त्याला सिकलसेल हा आजार आहे. 'सिकल' म्हणजे विळा. ज्याने आपण धान कापतो, तो इळा. त्याच्या लाल पेशी प्राणवायू देऊन रिकाम्या झाल्या, की मेदूवड्याचा आकार सोडून विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. अशा पेशी 120 दिवस टिकत नाहीत. 10 ते 20 दिवसांतच मोडतात. कारखाना रात्रंदिवस चालूनही पुरा पडत नाही. म्हणून कुठे लागले नाही, थेंबभरही रक्त बाहेर सांडले नाही, तरी त्याच्या अंगातले रक्त कमी झाले. तिसरीतल्या चिमुकल्याला आम्ही म्हटले, "त्याचं रक्त कुठं गेलं नाही रे, ते आतल्या आतच मोडलं."

दुसरा त्रास याहून वाईट. ताठ झालेल्या विळ्या बारीक वाहिन्यांत अडकतात. अरुंद गल्लीत एक बैलगाडी आडवी झाली की मागची सारी रहदारी थांबते, तसे होते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांत, सांध्यांत, पोटात भयंकर कळा सुटतात. बाहेरून काही दिसत नाही. ना जखम, ना सूज. म्हणून शेजारी म्हणतात "सोंग करतो", आणि शाळेत म्हणतात "आळशी आहे". मुलांनो, हे शब्द कधीही तोंडातून काढू नका. कळ दिसत नाही म्हणून ती खोटी नसते.

ते रक्त कोणाचे होते?

आम्ही मित्राला भेटायला गेलो, तेव्हा रक्ताची पिशवी त्याच्या खाटेशेजारी टांगलेली होती. तिच्यावरची चिठ्ठी आम्ही वाचली. तिच्यावर रक्तगट होता, पिशवीचा क्रमांक होता, रक्त घेतल्याची तारीख होती, कोणत्या तारखेपर्यंत वापरायचे ते होते आणि तपासण्या झाल्याची नोंद होती. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. एवढे सगळे त्या चिठ्ठीवर होते. नाव नव्हते. आडनाव नव्हते. जात नव्हती, धर्म नव्हता.

रक्ताचे गट असतात, हे व्हिएन्ना शहरातील डॉक्टर कार्ल लॅन्डस्टायनर यांनी 1901 साली दाखवले. ए, बी आणि ओ. चौथा, एबी, पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. 1930 साली लॅन्डस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस 14 जून हा जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. चुकीच्या गटाचे रक्त दिले तर माणूस दगावू शकतो. म्हणून गट जुळवावाच लागतो. पण हे गट जातीचे नाहीत. चारही गट प्रत्येक जातीत आहेत, प्रत्येक धर्मात आहेत. सख्ख्या भावाचे रक्त भावाला चालत नाही आणि हजार कोसांवरच्या अनोळखी माणसाचे चालते, असे रोज दवाखान्यात घडते.

हे शास्त्र कळूनही माणसे सुधारतातच असे नाही. अमेरिकेतली गोष्ट सांगतो. डॉ. चार्ल्स ड्र्यू हे कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक होते. रक्त साठवून कसे ठेवावे, यावर प्रबंध लिहून त्यांनी 1940 साली कोलंबिया विद्यापीठाची पदवी मिळवली. होय, तेच कोलंबिया विद्यापीठ, जिथे आपले बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात शिकले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या जखमींसाठी अमेरिकेतून प्लाझ्मा पाठवण्याची मोठी योजना ड्र्यू यांनीच सांभाळली. आणि त्यांच्याच देशात रक्त गोळा करणाऱ्या रेडक्रॉस संस्थेने 1941 साली आधी काळ्या लोकांचे रक्त घ्यायलाच नकार दिला. 1942 पासून घेतले, पण गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळे ठेवून! याला शास्त्राचा काहीच आधार नाही, हे ड्र्यू यांनी स्पष्ट सांगितले. ही वेगळी मांडणी रेडक्रॉसने 1950 साली बंद केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ड्र्यू मोटार अपघातात वारले.

आता ते मघाचे पाणी आठवा. रक्ताच्या प्लाझ्मात बहुतेक पाणीच असते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून हजारो लोक प्यायले. तळे बाटले म्हणून नंतर सवर्णांनी त्याचे 'शुद्धीकरण' केले. ओंजळीतल्या पाण्याने तळे बाटते म्हणणारा माणूस दवाखान्यात पडला आणि त्याला कुणाचे तरी रक्त चढवले, तर? ते तर ओंजळीत नाही, थेट शिरेत जाते. तिथे कोणी विचारत नाही आणि विचारूनही उपयोग नसतो.

म्हणून "आपल्या लोकायचं होतं का?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे: होय, आपल्याच लोकांचे होते. ज्याने कुणी अनोळखी मुलासाठी आपले रक्त दिले, तो आपलाच.

हा रोग 'तुमच्याच लोकांचा' का?

आता तिसरा प्रश्न, त्या शांत मुलीचा. त्याला उत्तर खरे द्यायला हवे. नुसते "खोटं आहे" म्हणून भागणार नाही.

विदर्भात सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो, हे खरे आहे. इतर समाजांतही तो आहे. तो फक्त विदर्भातला नाही, की फक्त भारतातलाही नाही. शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 साली त्याचे पहिले वर्णन छापले, ते वेस्ट इंडिजमधून शिकायला आलेल्या एका तरुणाचे. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, दक्षिण इटली येथेही तो आहे. भारतात तो प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. ग्रीसमधला गोरा शेतकरी आणि भंडाऱ्याचा आपला शेतमजूर यांची जात एक आहे का?

त्यांच्यात सारखे काय आहे? डास! जिथे हजारो वर्षे मलेरिया होता, तिथेच हा आजार जास्त दिसतो. हिमोग्लोबिन कसे बनवायचे, याच्या दोन चिठ्ठ्या आपल्याला जन्मतःच मिळतात. एक आईकडून, एक बाबांकडून. सिकलसेलच्या चिठ्ठीत एकाच जागी फरक असतो. 146 मण्यांच्या माळेत सहावा मणी वेगळा, एवढाच. ज्याची एक चिठ्ठी चांगली आणि एक अशी, तो 'वाहक'. वाहक आजारी नसतो. तो शिकतो, खेळतो, राबतो. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. जुन्या काळी औषध नव्हते. जंगलात, धानाच्या बांध्यांत, डासांच्या मुलखात राबणारी कितीतरी माणसे मलेरियाने गेली, त्यात वाहक तगले. म्हणजे ही चिठ्ठी आपल्या पूर्वजांना मिळालेली शिक्षा नव्हे की पापाचे फळ नव्हे. एके काळी तिने माणसे जगवली आहेत. पण दोन्ही चिठ्ठ्या तशाच आल्या, की मूल आजारी पडते.

मग ती काही समाजांतच साठून का राहिली? याचे एक मोठे कारण बाबासाहेबांच्या लेखणीतून कळते. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की जातीच्या आत जखडलेले लग्न हेच जातीचे मूळ आहे. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीतल्या जातीत, नात्यातल्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने झाली, की एकाच घरात तशाच दोन चिठ्ठ्या भेटण्याची शक्यता वाढते. पुढे 1936 च्या 'जातिनिर्मूलना'वरील आपल्या लिखाणात जात म्हणजे रक्ताची शुद्धता हा दावाही त्यांनी खोडून काढला. तेव्हा त्या मुलीला आम्ही सांगितले, "तुझ्या मैत्रिणीला रागावू नको. तिला सांग, हा रोग जातीचा नाही. जातीच्या भिंतीआड अडकून पडलेला आहे."

भगवान बुद्धांनी तर हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले. वासेट्ठ सुत्तात ते म्हणतात, गवत, किडे, पाखरे, मासे यांच्या जाती त्यांच्या अंगावरून ओळखता येतात. माणसाचे केस, डोके, कान, डोळे पाहून तशी जात सांगता येत नाही. त्यात आपण सूक्ष्मदर्शकाखालचे रक्तही धरू.

आपण काय करायचे?

मुलांनो, रक्त कमी होण्याचे कारण दर वेळी सिकलसेलच असते असे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालच्या दर 100 बालकांपैकी 67 जणांना रक्तक्षय आढळला. 15 ते 49 वयाच्या महिलांत 100 पैकी 57 जणींना. त्यात लोहाची कमतरता हे मोठे कारण आहे.

आरशात पाहून खालची पापणी हळूच ओढा. आतला भाग गुलाबी-लाल दिसायला हवा. फिकट दिसला, लवकर धाप लागत असली, माती किंवा खडू खावासा वाटत असला, तर आईला सांगा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांवरील मुलींत ते 12 च्या वर हवे.

मेथी, चवळीची भाजी, शेवग्याचा पाला, बाजरी, डाळी, मोड आलेली मटकी, अंडी, कलेजी यांतून लोह मिळते. भाजी-भाकरीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्याने उलटे होते. अनवाणी फिरू नका. ओल्या मातीतला आकडेकृमी तळव्यातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. शाळेत जंताची गोळी आणि आठवड्याला लोहाची गोळी देतात, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. ती खिशात लपवू नका! मात्र सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वारंवार रक्त चढवल्याने त्याच्या अंगात लोह जास्त साठलेले असू शकते.

आई-बाबांसाठी चार शब्द

घरातील प्रत्येक मुलाची सिकलसेल चाचणी एकदा करून घ्या. बोटातील थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते, नंतर पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करतात. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याचा लाभ घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, हेही विसरू नका.

लग्नाचे ठरवताना आपण पत्रिका पाहत नाही, गुण जुळवत नाही. चांगलेच आहे. पण रक्त पाहा. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल, तर मूल या आजाराचे होत नाही, फार तर वाहक होते. म्हणून वाहक मुलीला नाकारू नका, तिची बदनामी करू नका. आणि मुलाची तपासणी न करता फक्त मुलीचा कागद मागू नका! मूल आजारी निघाले, की सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की एक चिठ्ठी बापाची असते.

या आजारात औषधोपचार आहेत. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया, लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्या, भरपूर पाणी प्यायले, थंडी आणि अतिश्रम टाळले, ताप आला की लगेच दवाखाना गाठला, तर मूल शिकते, मोठे होते. अंगारे-धुपारे करण्यात एक दिवसही घालवू नका. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तर नकोच नको.

तुम्ही 18 वर्षांच्या वर आणि 65 च्या खाली असाल, वजन 45 किलोंपेक्षा जास्त आणि हिमोग्लोबिन निदान 12.5 असेल, तर रक्तदान करा. पुरुषांना दर 90 दिवसांनी, महिलांना दर 120 दिवसांनी देता येते. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला ठिकठिकाणी शिबिरे होतात. पण लाल पेशी सहा आठवड्यांपलीकडे साठवता येत नाहीत, तेव्हा मे महिन्यातही कुणीतरी द्यायला हवे. दान पारमितेला तिथी नसते.

आणि आपला मित्र?

वर्ग संपताना एक मुलगा म्हणाला, "काकाजी, त्याले घडीघडी पाणी लागते ना? मंग शाळेत त्याले पाणी प्यायले अन् लघवीले बाहेर जाऊ देत नाही." आम्हाला हे ठाऊक नव्हते. मुलांना ठाऊक होते. सिकलसेलच्या मुलाला पाणी जास्त लागते आणि लघवीही वारंवार होते, त्यात त्याचा खोडकरपणा नसतो.

मग मुलांनीच मुख्याध्यापकांना पत्र लिहायचे ठरवले. त्यात आमचा एकही शब्द नाही. "आदरणीय सर, आमच्या मित्राला पाणी पिण्याची आणि बाहेर जाण्याची परवानगी द्यावी. तो सोंग करत नाही. त्याच्या लाल पेशी लवकर मोडतात," असे त्यात आहे. खाली बावीस मुलांच्या सह्या. त्या शांत मुलीची सही सगळ्यांत वर.

एकदा एक भिक्खू आजारी पडून आपल्याच घाणीत एकटा पडला होता. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला स्नान घातले आणि संघाला सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची असेल, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आमच्या मुलांनी त्या रविवारी तेवढेच केले.

पुढच्या आठवड्यासाठी गृहपाठ: घरातील प्रत्येकाची नाडी मोजून वहीत लिहा, प्रत्येकाचा रक्तगट विचारून समोर लिहा. ज्याला माहीत नसेल, त्याला तपासायला घेऊन जा. आजीला विसरू नका.

तुम्हां सर्वांना जयभीम! नमो बुद्धाय!